सील लागलेल्या घरात डोहाळजेवण

मी त्रिवेणी. हैदराबादच्या गौलीगुड्यात कुणालाही विचारा, "कुलपवाली त्रिवेणी" म्हटलं की बोट दाखवतील. आमच्या हिम्मतरावांचं कुलपा-किल्ल्यांचं दुकान होतं. त्यांची कंबर धरली तेव्हा दुकान माझ्याकडे आलं, आणि दुकानातून हा धंदा निघाला. कर्ज थकलं की बँक घर ताब्यात घेते. त्या घराला कुलूप घालायचं, वॉचमन बसवायचा, झाडलोट करायची, पाण्याची मोटर अधूनमधून चालवायची, वाळवी लागू द्यायची नाही आणि लिलावात विकलं गेलं की नव्या मालकाच्या हवाली करायचं. लोक म्हणतात, ही दुसऱ्याच्या दुःखावर पोट भरते. भरते तर भरते! मी कुणाला कर्ज काढा म्हणून सांगायला गेले नव्हते. पण माझ्या ताब्यातल्या घरात मेलेला उंदीर सापडला तर नाव बदलीन.

तारनाक्याचं घर ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा मी जुनी साडी नेसून गेले होते. का, तर अशा वेळी काय अंगावर येईल सांगता येत नाही. एका घरी बाईनं माझ्यावर ताकाचं पातेलं रिकामं केलं होतं. सोबत पोलीस, बँकेचा तो आदित्य नावाचा पोरगेला ऑफिसर, सगळा लवाजमा. आणि दारात निर्मलाबाई उभ्या. शाळेतून रिटायर झालेल्या, सत्तरी गाठलेल्या. त्यांचे यजमान वसंतराव, रेल्वेच्या ऑफिसातले, नुकतेच वारले होते. मुलगा सुमित. त्यानं क्लासेस काढायला आई-बापाच्या सह्या घेऊन घर गहाण टाकलं, क्लासेस बुडाले आणि तो पुण्याला नोकरीला लागला. तिथं त्याचं त्यालाच पुरत नाही.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी सकाळी उठून सगळं घर झाडून, फरशी पुसून, ओटा घासून ठेवला होता. सील लागणाऱ्या घराचा ओटा घासला होता हो! मला म्हणाल्या, "मागच्या नळाचा वायसर गेलाय. थेंब थेंब गळतो. तेवढं बघाल ना?" आणि पिशवी घेऊन निघाल्या. मी इतकी घरं बंद केली, पण त्या दिवशी कुलूप लावायच्या आधी मागच्या नळाकडे गेले. मी लगेच वायसर बदलला. बँकेच्या खर्चात तो बसत नव्हता, गेला खड्ड्यात.

बाई गौलीगुड्यात चुलत दिराकडे राहायला आल्या. जिन्याखालची खोली, दाराला आतून कडी नाही, तिथंच त्यांची गादी, तिथंच दिराच्या नातवाची सायकल. म्हणजे आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. भेटल्या की घराचं विचारायच्या. मी सांगायचे, घर ठणठणीत आहे, बाई. त्यांचं सगळं त्या घराच्या विक्रीवर होतं. घर चांगल्या किमतीला गेलं तर बँकेचं फिटून वर जे उरेल ते त्यांचं. त्यात दोन खोल्या कुठंतरी येतील. घर पडेल भावात गेलं तर बँक सगळं घेणार आणि बाई त्या सायकलीशेजारीच मरणार. दिरानं आत्तापासूनच तोंड वाकडं करायला सुरुवात केली होती.

पहिला लिलाव झाला. एकही माणूस बोली लावायला आला नाही.

माझं डोकंच फिरलं. कोपऱ्यावरचं घर, दोन बाजूंनी रस्ता, बोअरला पाणी, युनिव्हर्सिटी पायी जाण्याइतकी जवळ. अशा घराला गिऱ्हाईक नाही? आता बँक किंमत उतरवणार, पुन्हा लिलाव लावणार. त्यातही कुणी आलं नाही तर आणखी उतरवणार. मी न सांगता तारनाक्याला गेले आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. थोड्या वेळात एक नवरा-बायको स्कूटरवरून आले. फाटकातून डोकावले, आमचा वॉचमन यादगिरी त्यांच्याशी काहीतरी बोलला, बाईनं गळ्यातल्या काळ्या मण्यांना हात लावला आणि दोघं स्कूटर वळवून भुर्र झाले.

मी यादगिरीची कॉलर धरली. "क्या बोला रे उनकू?"

"कुछ नै अम्मा! घर कैकु बंद है पूछे, नक्षत्रम् का बंद है बोला."

आता हे आमच्या हैदराबादचं. तेलुगू लोकांत कुणी वाईट नक्षत्रावर, धनिष्ठा-बिनिष्ठावर मेलं तर ते घर सोडतात. सगळे बाहेर, घराला कुलूप, महिनोन् महिने चूल नाही की दिवा नाही. वर्ष उलटलं तरी अशा घरासमोरून लोक पोरांना हाताला धरून पलीकडच्या बाजूनं नेतात. वसंतराव गेले, पाठोपाठ घराला कुलूप लागलं, गल्लीनं आपल्या मनानं अर्थ लावला. आणि यादगिरीनं ते गोड मानून घेतलं, कारण त्या नावानं ना चोर फिरकत होता ना दारुडा. स्वारीला दिवसभर निवांत झोप.

"अम्मा, मय तो घर बचाया ना!"

"घर बचाया और घरवाली कू डुबाया, गाढवा!" मी इतकी ओरडले की टपरीवाल्यानं चहाचे पैसे मागितले नाहीत. यादगिरी मनाचा वाईट नाही. त्याच्या मायनं, बायकोनं, सगळ्यांनी हेच पाळलेलं. पण आता बोललेला शब्द परत कसा घ्यायचा? मी टपरीवर सांगितलं, किराणावाल्याला सांगितलं, असं काही नाही म्हणून. सगळे हौ हौ म्हणाले आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत राहिले. बँकेची बाई घर विकायला दुसरं काय सांगणार!

त्याच आठवड्यात कुलदीप आला. हा प्रॉपर्टी डीलर. जुनी घरं घेतो, पाडतो, फ्लॅट उभे करतो. दुकानात येऊन काजूकतलीचा डबा ठेवला. "अक्का, आपको कुछ नहीं करना है. बस, कुछ मत करो. लोग जो बोलते, बोलने दो. तिसऱ्या लिलावात घर माझं. तुमचं पण बघू."

म्हणजे तो टपून बसला होता. आणखी एक लिलाव रिकामा गेला की त्याला घर मातीमोल मिळणार होतं, आणि गल्लीतली अफवा त्याला फुकटात मिळाली होती. मी डबा उचलून त्याच्या हातात दिला. "कुलदीपभाऊ, हे तुमच्या आईला द्या. म्हणावं, लेक बाहेर काय करतोय ते बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तारनाक्याच्या फाटकासमोर कुंकू, काळी बाहुली आणि टाचण्या टोचलेली लिंबं. यादगिरी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून मारुतीचं नाव घेत होता. मी बाहुली कचऱ्यात टाकली, टाचण्या काढल्या. लिंबं चांगली रसरशीत होती. टपरीवरून साखर, ग्लास आणले आणि सरबत केलं. यादगिरीनं ग्लासाला हात लावला नाही, मग मीच दोन्ही प्याले.

पण मी सरबत पिऊन काय होणार? मी धंदेवाली. माझ्या धीटपणावर कुणी घर विकत घेत नाही.

संध्याकाळी बाई दुकानात आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पंचक नव्हतं गं त्रिवेणी! गुरुजींना विचारलं होतं मी. काही नव्हतं. आणि असतं तरी आपल्यात शांती करतात, घराला कुलूप लावतात का? शांत माणूस होता. सकाळी चहा मागितला, अर्धा प्यायला आणि गेला. त्याच्या मरणाला हे लोक अपशकुन म्हणतात?" मग म्हणाल्या, "दीर म्हणाले, दिवाळीनंतर नातवाला खोली लागेल. मी कुठं जाऊ?"

मी त्यांना दिराच्या दारापर्यंत सोडून आले. माझ्याच वॉचमनच्या एका शब्दानं बाई रस्त्यावर येणार, याचा मला स्वतःचाच राग आला. त्या रागात रात्री भाकरी थापता थापता मी हिम्मतरावांना म्हटलं, "आपल्या प्राचीचं डोहाळजेवण तारनाक्याला करू."

हिम्मतराव जेवता जेवता थांबले. "वेड लागलंय का तुला?"

"ते लग्न केलं तेव्हाच लागलं. आमटी घ्या."

माझी प्राची सातव्या महिन्यात होती, पहिलटकरीण. गरोदर बाईला कुणी वाईट घरात पाऊल टाकू देत नाही. अख्ख्या तेलंगणात नाही, महाराष्ट्रात नाही. तीच जर त्या घरात बसून जेवली तर गल्लीला आणखी काय पुरावा हवा? हे सुचलं खरं, पण खोटं कशाला बोलू, सुचल्याबरोबर देवापुढे निरांजन लावलं. मी लिंबाचं सरबत पिणारी बाई, पण लेकीचं नाव आलं की माझंही धैर्य पातळ होतं. काही झालं असतं, साधी ठेच लागली असती तरी जन्मभर लोकांनी आणि मी स्वतः मला सोडलं नसतं. विहीणबाईंनी तर फोनवर रडणंच काढलं. शेवटी प्राचीनं सासूबाईंच्या हातातून फोन घेतला आणि आधी त्यांनाच समजावलं. "आत्या, टेन्शन नको घेऊ. जगात रोज कुणीतरी मरतं, मग काय सगळी घरं लॉक करायची काय?" मग मला विचारलं, "मम्मी, तिथं पंखा चालू आहे ना? मग बास."

दुसऱ्या लिलावाआधी घर बघायचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी घर उघडून, साफ करून, गिऱ्हाइकांना दाखवायचं काम माझं. कर्जदाराला आत येऊ द्यायचं नाही, घराचा वापर करायचा नाही, असे नियम. मी निर्मलाबाईंना सकाळीच रिक्षात घातलं आणि फाटकाशी त्यांच्या हातात झाडू दिला.

"हे काय?"

"आजपासून तुम्ही माझ्याकडे कामाला. झाडणाऱ्या बाईला आत यायला कुणाची बंदी नाही."

मला वाटलं, मास्तरीण आहे, अपमान वाटेल. बाईंनी पदर खोचला आणि अंगणापासून सुरुवात केली. एका कोपऱ्यापाशी थांबून म्हणाल्या, "इथं यादगिरी झाडत नाही वाटतं." यादगिरी धावत पाण्याची बादली घेऊन आला.

गिऱ्हाइकं आली. तीन-चार कुटुंबं, पण फाटकाबाहेरच घुटमळत होती. पलीकडे कुलदीप गाडीला टेकून उभा होता आणि मोठ्यानं कुणाला तरी सांगत होता, "छह महीने बंद रखना पड़ता जी, तभी बंद है." गल्लीतल्या बायका गच्च्यांवर. समोरच्या घरातल्या सत्यवतम्मा, बाईंच्या कितीतरी वर्षांच्या शेजारीण, आपल्या दारात खांब धरून उभ्या.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि प्राची उतरली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, डोक्यात मोगरा, पुढे पोट. गच्चीवरच्या बायका कठड्यावरून वाकल्या. सत्यवतम्मा ओरडल्या, "अय्यो! वद्दु अम्मा, वद्दु!" नको गं, नको! प्राचीनं हसून त्यांना हात जोडले आणि सरळ आत गेली. मी दोन्ही फाटकं भिंतीला लागेपर्यंत उघडली. ज्या खोलीत वसंतराव गेले त्याच खोलीत पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, दारं-खिडक्या सताड उघड्या. रस्त्यावरून सगळं दिसत होतं. दिसायलाच हवं होतं.

निर्मलाबाई झाडू टेकवून फाटकापर्यंत आल्या आणि समोर बघून शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "सत्यवती! हे गेले तेव्हा पहिली तू धावत आलीस. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून मी रडले. तुला कुणी सांगितलं धनिष्ठा होतं म्हणून?"

"सगळे म्हणतात," सत्यवतम्मा पुटपुटल्या. त्यांना मराठी चांगलं येतं.

"सगळ्यांना विचारलंस. मला विचारायचं होतं ना गं."

सत्यवतम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी एकदा कुलदीपकडे पाहिलं, एकदा खिडकीतून दिसणाऱ्या प्राचीकडे, आणि चपला तिथंच सोडून अनवाणी रस्ता ओलांडला. त्यांच्यामागून त्यांची सून, मग शेजारची, मग गच्चीवरच्या. बायका आत शिरल्यावर बाहेरच्या गिऱ्हाइकांना कोण अडवणार?

ओटी भरायची वेळ आली. मी खण, नारळ, तांदूळ ताटात ठेवले. निर्मलाबाई हळूच मागे सरकल्या आणि भिंतीशी उभ्या राहिल्या. विधवेनं ओटी भरायची नसते, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या अंगात तिडीक उठली. अख्खी गल्ली या बाईला अपशकुनी म्हणत होती आणि ती स्वतःही भिंतीला टेकून तेच म्हणत होती.

"बाई, पहिली ओटी तुम्ही भरायची."

"अगं, माझ्या हातानं? काहीतरीच काय! सत्यवती आहे, तू आहेस."

"मी पण आहे, सत्यवतम्मा पण आहेत. पण घर तुमचं आहे. घरची बाई आधी."

कुणीतरी हातातलं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या. प्राचीनं पाटावरून पदर पसरला. "आजी, भरा ना. मांडी घालून पाय वळलेत माझे."

बाई पुढे आल्या. त्यांनी तांदूळ इतके भरभरून घातले की दाणे फरशीवर सांडले. ओटी भरून झाल्यावर त्यांनी प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग मात्र ढसाढसा रडल्या. घर गेलं तेव्हा रडल्या नव्हत्या. मीही रडले, नाक पुसलं आणि पानं वाढायला घेतली.

आदित्य आला तेव्हा पुरणपोळीवर तूप चाललं होतं. "मॅडम! हे काय आहे? हे अलाउड नाही. आणि या तर कर्जदार आहेत!"

"या माझ्या कामगार आहेत. सकाळपासून झाडताहेत, फरशी बघ. आणि ही आमची जेवणाची सुट्टी. कामगारांनी जेवू नये असं तुझ्या बँकेनं कुठं म्हटलंय?"

"नामपल्लीच्या हेड ऑफिसला कळलं तर तुमचं काँट्रॅक्ट जाईल."

"जाऊ दे. तू जेवलास का?"

पोरगं बिचारं सकाळपासून उपाशी होतं. जेवलं.

जेवणं झाल्यावर गिऱ्हाइकांना घर दाखवलं निर्मलाबाईंनी. आणि कसं! "ही भिंत पावसाळ्यात ओल धरते, गच्चीवरून पाणी मुरतं. हे दार फुगतं, जोरात ओढा. पाणी उन्हाळ्यातही आटत नाही. या खोलीत माझे यजमान गेले. झोपेत गेल्यासारखे गेले, असं मरण सगळ्यांना यावं." मी मागून खुणा करत होते, बाई, ओल कशाला सांगता! पण लोक ऐकत राहिले. एक शिक्षक नवरा-बायको होते, त्यांनी वहीत मापं घ्यायला सुरुवात केली. बाहेर कुलदीपची गाडी कधी गेली ते कुणी पाहिलं नाही.

लिलावाच्या दिवशी मी आदित्यच्या टेबलासमोर बसून स्क्रीनवर बोल्या वर चढताना पाहिल्या. कुलदीपनंही लावल्या, खूप वरपर्यंत आला, मग थांबला. घर त्या शिक्षक जोडप्याला गेलं, चांगल्या किमतीला. दुसऱ्याच आठवड्यात माझं काँट्रॅक्ट गेलं, नियमांचा भंग केला म्हणून. केलाच होता. मी कागदावर सही केली आणि म्हटलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. बाईंचे उरलेले पैसे द्यायला बँकेनं रडवलं, पण मी रोज जाऊन बसायचे. आता काँट्रॅक्टच नव्हतं, भीती कुणाची?

दिवाळीनंतर बाईंनी आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. आम्ही सामान लावून दिलं आणि निघालो. मी घरी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"काय झालं बाई? काही राहिलं का?"

"काही नाही गं." पलीकडून कडी हलवून बघितल्याचा आवाज आला. "दाराला आतून कडी लावली. किती दिवसांनी लावली. तुला सांगावंसं वाटलं."

"लावा," मी म्हटलं. "घट्ट लावा. आणि कुणी वाजवलं तर लगेच उघडायचं नाही. आधी आतूनच विचारायचं, कोण आहे म्हणून. दमात."